वाजलं की बद्द?

मामंजी,

"कुणाला सांगू नको हां पोरी, पण मला आताशा ऐकू येत नाय." हे तुम्ही मला कुजबुजत सांगितलंत. म्हणजे तुमच्या मते कुजबुजत. फणसाच्या झाडाखाली, जळलेल्या इंजिनाच्या सुट्या भागांमध्ये उभे राहून, इकडेतिकडे बघून, तोंडापुढे हात धरून तुम्ही ते बोललात, आणि पऱ्यापलीकडच्या, ओढ्याच्या त्या काठावरच्या घरात भांडी घासणारी काकी हातातलं पातेलं खाली ठेवून आपल्याकडे बघायला लागली. कुंपणाच्या दगडी गडग्यावरचे दोन कावळे उडाले. मी मान खाली घालून पदर तोंडाला लावला, तो मर्यादा म्हणून लावला असं तुम्हाला वाटलं असेल. मी हसत होते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीच काकी कळशी उचलता उचलता मला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला ऐकू येत नाय, ते आमाला कुणाला ठाऊक नाय हां. तू काळजी करू नको." आणि खरंच, तुम्ही होतात तोवर वाडीतल्या एकाही माणसानं तुम्हाला ते कळू दिलं नाही. सगळे तुमच्याशी जरा मोठ्यानं बोलत, आणि तुम्हाला वाटे, गिरणीच्या आवाजामुळे या लोकांना ओरडायची सवय लागली आहे.

आज हे लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात मी त्या इंजिनाच्या हेडला पुन्हा एकदा हातोडी मारली. त्याचंच सांगायचं आहे, पण तिथवर यायला मला मागून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला घाई नसणार. तुम्हाला कधीच नव्हती, आणि तुमच्या त्या घाई नसण्यामुळेच ते इंजिन वाचलं.

मी या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. तुमचा मुलगा मुंबईत कारखान्यात, आणि इथे सासू-सासरे, म्हणजे आत्याबाई आणि तुम्ही, आणि मी. लग्नानंतर आठ-दहा दिवसांनीच, घावणं काढून झाल्यावर, मी आत्याबाईंचा बिडाचा तवा चुलीवरून उतरवला आणि तसाच पाण्याच्या घमेल्यात टाकला. टक् असा एकच आवाज झाला. तव्याचे दोन तुकडे. आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माझ्या सासूचा तवा गो तो! तापलेल्या बिडावर पाणी घालतात? आईनं काय शिकवलंनच नाय काय तुला?" मी रडायच्या बेतात. तेवढ्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात, दोन्ही तुकडे उचललेत, एकमेकांना लावून बघितलेत, परत वेगळे केलेत, परत लावलेत. मग मला म्हणालात, "बीड म्हंजे ओतीव लोखंड. ते आग सोसतं, गार पाणी नाय सोसत. बाहेरचं अंग गार होऊन आकसतं, आतलं तापलेलंच रहातं. मग ते मधेच फाटतं." आत्याबाई म्हणाल्या, "तिला शिकवताय, की तवा जोडताय?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही नाय. चाय ठेव." एवढंच. मी कितीतरी दिवस वाट बघत होते, तुम्ही मला रागवाल कधीतरी, मागाहून, एकटं गाठून. तुम्ही रत्नागिरीहून नवा तवा आणलात आणि चुलीशेजारी ठेवून निघून गेलात.

बिडाचं हे ज्ञान तुम्ही बोटीवरून आणलेलं. चौदा वर्षं इंजिनखोलीत काढून तुम्ही गावी परतलात ते एक जुनं इंजिन घेऊनच, आणि घराखालच्या रस्त्यावर भाताची गिरण घातलीत. एकच सिलिंडर, पण दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीएवढी दोन चाकं. वीज आली होती वाडीत, पण ती पाहुणीसारखी यायची-जायची. तुमचं इंजिन मात्र सकाळी आठाला टुक् टुक् सुरू झालं की पऱ्याच्या दोन्ही अंगांची माणसं घड्याळाकडे न बघता कामाला लागत. बायका डोक्यावर भाताची ओझी घेऊन यायच्या, आणि भात भरडून होईतो दारातल्या दगडावर बसून गप्पा मारायच्या. त्या आवाजात गप्पा मारायच्या म्हणजे ओरडूनच. मी वर घरात भाजी चिरताना खालची सगळी भांडणं, सगळी लग्नं ऐकत असे. तुम्ही मात्र त्या आवाजाच्या पोटात बसलेले, आणि तुमच्या कानांचं काय होत होतं हे तुमच्यासकट कुणालाच कळलं नाही.

शिमगा उरकला होता. पालखी देवळात परत गेली होती, चाकरमानी मुंबईला गेले होते, तुमचा मुलगाही. दुपारी तुम्ही इंजिन बंद करून जेवायला वर आलात. इंजिनाच्या धुराच्या नळीतून कधीतरी एक ठिणगी बाजूच्या तुसाच्या ढिगात पडली असणार. तूस भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतं. आपण कढी-भात खाऊन उठलो तेव्हा खालच्या रस्त्यावरून कुणीतरी हाका मारत होतं. आपण धावलो तोवर छपराचे वासे पेटले होते आणि कौलं ताडताड फुटत होती. सगळी वाडी हंडे-कळशा घेऊन धावत आली. आणि तुम्ही, ज्याची गिरण जळत होती तो माणूस, दारात दोन्ही हात पसरून उभे राहून ओरडत होतात, "तुसावर घाला! गोठ्यावर घाला! इंजिनावर थेंब नको, ते तापलंय!" कुणाला काही कळेना. एक जण कळशी घेऊन आत घुसला तर तुम्ही त्याचं मनगट धरलंत. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं," असं माझ्यामागे कुणीतरी म्हणालं. माझ्या डोक्यावर भरलेला हंडा होता. मला एकदम घमेल्यातला तवा आठवला, तो टक् आवाज आठवला. मी वळले आणि हंडा गोठ्याच्या कुडावर ओतला. तेव्हा आपली नजरानजर झाली. त्या धुरात, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, जशी शाळेत बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर हलवतात. गिरण जळत होती आणि मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटत होतं. याचं मला अजून नवल वाटतं.

संध्याकाळपर्यंत आग विझली. छप्पर गेलं, पट्टे गेले, भरडायचं यंत्र वाकलं. इंजिन मधोमध उभं होतं, आधी लालसर, मग करडं. लोक घरी गेले आणि तुम्ही फावडं घेऊन त्याच्यावर तुसाची गरम राख ओढायला लागलात. पार झाकून टाकलंत. हळूहळू निवू दे, म्हणालात, तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. तीन दिवस तुम्ही त्या राखेच्या ढिगाशेजारी बसून होतात. आत्याबाई तिथेच जेवणाचं ताट आणून देत आणि म्हणत, "माझ्या बाळंतपणात कधी एवढे बसलात नाय." तुम्ही त्यावर हसायचात, म्हणजे ते तुम्हाला ऐकू यायचं. की आत्याबाईंचं काय म्हणणं असणार ते तुम्हाला न ऐकताच कळायचं, कोण जाणे.

तार गेली होती, त्यामुळे तिसऱ्या दिवशी तुमचा मुलगा आला. चार दिवसांची रजा. तो ओटीवर बसून जे बोलला ते मी माजघरातून शब्दन् शब्द ऐकलं. "बाबा, पुरे झालं आता. इंजिन भंगारात द्या. मी खोली बघितलीय, आपण चौघं मुंबईला राहू." मामंजी, आज लिहिते म्हणून लिहिते: माझ्या अंगावर काटा आला तो आनंदानं. लग्नाला अकरा महिने झाले होते आणि त्यातले आम्ही एकत्र राहिलो ते दिवस मी बोटांवर मोजले होते. दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची बोटं मोजून वर दोन उरत होते. ती खोली मी पाहिली नव्हती, पण तिच्या खिडकीत मी तुळस लावून मोकळी झाले होते.

त्याच दिवशी भंगारवालाही आला, खांद्यावर घण घेऊन. त्यानं राखेतून वर आलेल्या चाकाला पायानं डिवचलं. "आजोबा, जळकं बीड ते. आता बिस्किटासारखं तुटेल." तुम्ही म्हणालात, "मग घण कशाला आणलास? चायबरोबर खा." तो बिचारा हसत बसला. मग तुमच्यात आणि मुलात करार झाला. ते इंजिन बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचं अंग, आणि त्यावरचं झाकण ते हेड, हे दोन भाग नवे मिळणं शक्य नव्हतं. या दोहोंतला एक जरी तडकलेला निघाला, तर सगळं भंगार आणि चौघं मुंबईला. दोन्ही धड निघाले, तर गिरण पुन्हा उभी करायची. "कबूल," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज नेहमीचाच होता. पण तुम्ही मिशीवरून हात फिरवत होतात, तो थांबत नव्हता. मुंबईच्या खोलीत तुम्ही दिवसभर काय करणार होतात, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. तुमचा जन्म इंजिनाजवळ गेलेला. वीस वर्षांची होते, मी फक्त खिडकीचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी राख काढली आणि इंजिन खोलून एकेक भाग वर अंगणात फणसाखाली मांडायला लागलात. मदतीला मुलगा होता, पण नट कुठल्या बाजूला फिरतो यावरून तुमचं आणि त्याचं तासाभरात वाजलं, आणि तो "मला यातलं काय कळत नाय" म्हणत उठला. तुम्ही मला हाक मारलीत. मला वाटलं, चहा हवा असेल. तेव्हाच ते कुजबुजणं झालं. बीड तडकलंय की नाही हे वाजवून कळतं, तुम्ही सांगितलंत, आपण मडकं घेताना वाजवतो, फणस पिकला का बघताना थापटतो तसं. धड बीड घंटेसारखं वाजतं आणि वाजत राहतं. आत केसाएवढी जरी चीर असली तरी बद्द. "आणि तेच मला ऐकू येत नाय. मी वाजवतो, तू ऐक. वाजलं की बद्द, एवढंच सांग." सासऱ्यांपुढे मोठ्यानं न बोलणारी मी, दोन दिवस अंगणात उभी राहून तुमच्या कानाशी ओरडत होते. पहिल्यांदा "वाजलं" म्हणाले ते तुम्हाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मी अशी काही ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. तुम्ही खूश होऊन म्हणालात, "असं! माणसासारखं बोल."

मजा येत होती मला, हे मी लपवणार नाही. राखेतून काय काय निघत होतं. बेअरिंगमधला मऊ धातू वितळून खाली गळला होता आणि त्याची चांदीची थारोळी झाली होती. मला वाटलं, खरंच चांदी सापडली. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबल्या तर दाबलेल्याच राहिल्या. तुम्ही एकेक वस्तू हातात घेऊन तिची हकिकत सांगत होतात. ज्या लोखंडाला पाणी देऊन, ताण देऊन कडक केलेलं असतं, त्याचा कडकपणा आग काढून घेते. पिस्टनच्या रिंगा गेल्या, स्प्रिंगा गेल्या, त्या नव्या आणाव्या लागतील. बिडाला मुळात असा ताण नसतोच, ते ओतलं तसं बसलेलं असतं, म्हणून आगीतून उठलं तरी बहुतेक वेळा तसंच असतं. फक्त सावकाश निवलं पाहिजे, आणि वाकडं झालेलं नसलं पाहिजे. दोन्ही चाकं जागीच वाजवलीत, ती देवळातल्यासारखी घणघणली. ब्लॉक वाजला. मग त्याला रॉकेल फासलंत, थोड्या वेळानं कोरडा पुसलात आणि वर चुना लावलात. चीर असती तर आत शिरलेलं रॉकेल चुन्यावर काळी रेघ काढून वर आलं असतं. आली नाही. पांढरा झालेला तो ब्लॉक बघून आत्याबाई म्हणाल्या, "हळद कधी लावणार?"

उरलं होतं हेड. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सुंभाचा दोर हेडच्या भोकातून ओवून ते फणसाच्या फांदीला टांगलंत. तुमचा मुलगा भंगारवाल्याशी भाव बोलून ठेवायला रत्नागिरीला जायचं म्हणून खालच्या वाटेनं निघाला होता, आणि निघताना मागे वळून माझ्याकडे बघून हसला होता. आत्याबाई आत भात वैरत होत्या. अंगणात आपण दोघंच. हेड हलू नये म्हणून तुम्ही डाव्या मुठीत दोर धरलात आणि उजव्या हातानं हातोडीचा एक ठोका दिलात. मला अजून तो आवाज ऐकू येतो. ठण्ण. आणि मग ती लांबलचक, बारीक होत जाणारी रेघ, जी संपता संपेना. इतकं सुंदर तोवर काहीच वाजलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. भुवया वर. मी म्हणाले, "बद्द."

तुम्ही हातोडी खाली केलीत. डावी मूठ तशीच दोरावर होती. मी अंगणातल्या जमिनीकडे बघत होते, तिथे एक मुंगळा चुन्याच्या थेंबातून वाट काढत होता. मग तुम्ही म्हणालात, "थांब. दोर आखूड झालाय. हेड बुंध्याला टेकलंय, म्हणून बद्द वाजत असेल." हेड बुंध्यापासून चांगलं वीतभर लांब लोंबत होतं. तुम्ही गाठ सोडलीत. परत बांधायला घेतलीत. बोटीवर चौदा वर्षं गाठी मारलेला माणूस, एक साधी गाठ मारायला तुम्हाला किती वेळ लागला! दोनदा सोडलीत, सुंभाचे निघालेले धागे एकेक करून आत दाबलेत, झाडाकडे बघितलंत, आभाळाकडे बघितलंत. मग परत दोर मुठीत धरलात आणि म्हणालात, "आता नीट ऐक हां पोरी. आणि तुला जे ऐकू येईल तेच सांग." ठण्ण. मी म्हणाले, "वाजलं." तुम्ही म्हणालात, "काय?" मी ओरडले, "वाजलं, मामंजी, वाजलं!" खालच्या वाटेवर तुमचा मुलगा थांबला. तिथूनच त्यानं वर बघितलं, आणि मग हळूहळू परत यायला लागला. चुन्यावरही रेघ उठली नाही. तुम्ही त्याला सांगितलंत, "पहिल्यांदा बद्द वाजलं होतं. दोर आखूड बांधला होता मी. चूक माझी."

त्यानंतरची दोन वर्षं तरी मी ही गोष्ट आठवली की मान वर करत नसे. तुम्ही मात्र त्याच दुपारी ओटीवरून हाक मारलीत, "पोरी, तुझा आरसा आण. आणि काजळाची डबी." लग्नातल्या कपाटाचा आरसा काढून तुम्ही तो चौरंगावर आडवा ठेवलात, त्यावर तेलात कालवलेलं माझं काजळ पातळ फासलंत, आणि हेडचा तळ त्यावर हलकेच घासलात. जिथे काजळ लागलं तिथे सपाट, जिथे लागलं नाही तिथे खोलगट. एक कोपरा कोरा राहिला. तो सपाट करायला तुम्ही नंतर आठ दिवस घासत बसलात. आत्याबाई म्हणाल्या, "सुनेचं काजळ इंजिनाला लावणारा सासरा मी पयला बघते." तुमचा मुलगा रजा संपवून गेला. निघताना वाटेवर त्यानं मला हळूच विचारलं, "तुला यायचं होतं ना गं?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "बाबांचं तोंड बघितलंस काय पण?" मी बघितलं होतं. मुंबईला पोचल्यावर त्यानं रिंगा, स्प्रिंगा आणि पॅकिंग पार्सलनं पाठवून दिलं, आणि सोबतच्या चिठ्ठीत माझ्यासाठी एकच ओळ होती: शिमग्याला नक्की.

बेअरिंगमध्ये नवा धातू ओतून घ्यायला आपण दोघं एस्टीनं रत्नागिरीला गेलो ते आठवतं? कारखान्यातला माणूस तीन तासांनी या म्हणाला, तेव्हा तुम्ही मला मांडवीला, दर्यावर नेलंत. सासरा आणि सून, दोघं वाळूवर भेळ खात बसलेली; जाणारे-येणारे बघत होते. तुम्ही लाटांकडे बघून म्हणालात, "हा मात्र ऐकू येतो." मग बाजारात शिरून माझ्यासाठी नवा आरसा घेतलात, जुन्यावर ओरखडे पडले म्हणून. परतीच्या गाडीत बेअरिंग तुमच्या मांडीवर आणि आरसा माझ्या. मी त्यात बघत होते आणि मला त्यात मागच्या बाकावर डुलक्या घेणारा एक माणूस आणि तुमचा अर्धा कान दिसत होता.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी हँडल तुम्ही फिरवलंत आणि चाकांनी वेग घेतल्यावर आतला दाब मोकळा ठेवणारा दट्ट्या मी पाडला. पहिलं टुक्, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. आणि मग ते सुरूच झालं. पऱ्यापलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. गिरणीवर नवं छप्पर नव्हतं, नुसते माडाचे झाप टाकले होते, त्यातून ऊन खाली पडत होतं. मला वाटलं, झालं, आपलं आयुष्य इथेच, या आवाजात. त्याच रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "पावसात गिरणीला काम नसतं. सून चार महिने मुंबईला जाईल. दर वर्षी." आत्याबाईंचा घास हातातच राहिला. "लावणीच्या दिवसांत? सगळी वाडी चिखलात आणि आपली सून मुंबईत? लोक काय म्हणतील?" तुम्ही कानामागे हात धरलात. "काय? ऐकू येत नाय." "लावणीला कोण?" त्या ओरडल्या. "काय?" "मुद्दाम करताय!" "काय?" मी ताटात बघून हसत होते आणि रडतही होते. कुणाला सांगू नको म्हणालेला माणूस, स्वतःचं गुपित माझ्यासाठी असं चव्हाट्यावर वापरत होता. मी नऊ पावसाळे मुंबईला गेले. पहिल्याच पावसाळ्यात खोलीच्या खिडकीत तुळस लावली. आणि नऊही वेळा, गणपतीनंतर परतीची गाडी लागली की मला त्या टुक् टुक्ची आठवण व्हायची, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

तुमच्यानंतर गिरण मी चालवली. पुढे कारखाना बंद झाला आणि तुमचा मुलगाही इकडे आला. भरडायचं काम तो बघतो, इंजिन माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी विजेची मोटर बसवली, इंजिन कोपऱ्यात झाकून ठेवलं. गेल्या आठवड्यात भंगारवाला आला, त्या वेळच्याचा मुलगा. त्याच्याकडे घणही नव्हता, मोबाइल होता. तुमच्या मुलानं त्याला सांगितलं, "बायकोला विचारा, तिचं आहे ते." मी नाही म्हणाले. पण तो गेल्यावर मला वाटलं, एकदा ऐकू या. मी हेड खोललं, सुंभ ओवला, फणसाच्या त्याच फांदीला टांगलं. दोर डाव्या मुठीत धरला आणि ठोका दिला. मामंजी, मला नुसतं टण् ऐकू आलं. पुढची रेघ नाही. वीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून माझे कान तुमच्या वाटेनं गेलेत. तुमची नात मला म्हणते, "आई, किती ओरडून बोलतेस." मला वाटलं, चिरलं की काय. आणि तेवढ्यात लक्षात आलं की माझी डावी मूठ थरथरते आहे. दोरातून एक बारीक मुंग्यांसारखी थरथर मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत येत होती, आणि कितीतरी वेळ येत राहिली. मग मी हेड मुद्दाम बुंध्याला टेकवलं आणि परत ठोका दिला. मूठ लगेच मुकी झाली.

म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. मी "बद्द" म्हणत होते तेव्हा तुमच्या मुठीत ते हेड वाजत होतं. मी अंगणातच बसले, हातोडी मांडीवर घेऊन. मग माझा कान तुम्हाला कशाला हवा होता? हातावर तुमचा पुरता भरवसा नव्हता म्हणून? की वाडीतली माणसं हातावर विश्वास ठेवणार नाहीत म्हणून? की हेडबरोबर मलाही एकदा वाजवून बघायचं होतं? आणि मी बद्द वाजले, तर मला तडकलेली ठरवायचं सोडून तुम्ही दोर आखूड झाला म्हणालात, आणि गाठ मारत बसलात, मला निवायला वेळ मिळावा म्हणून.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे पाकीट आणलेलं नाही. घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवीन. पण लिहून ठेवते: दोर आखूड नव्हता. मला हेड स्वच्छ ऐकू आलं होतं. मला मुंबईला जायचं होतं म्हणून मी खोटं बोलले, आणि त्यासाठी तुमची गिरण भंगारात गेली असती तरी मी त्या दिवशी गप्प बसले असते, तुम्ही ती गाठ इतकी सावकाश मारली नसतीत तर. तव्यापासून मी तुमच्या एका रागावण्याची वाट बघते आहे. तुम्ही कानामागे हात धराल आणि "काय?" म्हणाल, मला ठाऊक आहे, तरीही ओरडून मागते, हवं तर पऱ्यापलीकडे ऐकू जाऊ दे: मामंजी, एकदा तरी मला रागवा.